आजारातून उठताना स्नायूंचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरज-सांगली भागात डिस्चार्ज होऊन आलेल्या पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. न्यूमोनिया, डेंग्यू, खुब्याचं ऑपरेशन, बायपास, लांबलेला टायफॉईड, कारण काहीही असो, घरच्यांचे प्रश्न तेच असतात. आणि ते हमखास मी निघताना, दारात चपला घालत असताना विचारले जातात. तिथे एका पायावर उभं राहून धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

ताप गेला, रिपोर्ट नॉर्मल आले. मग आईला उठवत का नाही?

रिपोर्ट रक्ताचे आणि छातीचे असतात. मांडीचा रिपोर्ट कुणी काढत नाही.

न्यूमोनियातून घरी आलेल्या एका आजींकडे मी जात होते. एक्स-रे साफ, ऑक्सिजन ९७, भूकही बरी. पण कॉटवरून उठायचं तर खिडकीचा गज धरल्याशिवाय जमेना. मुलगा म्हणाला, "मनानं खचलीय ती." मी त्याला आजींचे हात दाखवले. आजारापूर्वी मनगटाशी बसणाऱ्या पाटल्या हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरत होत्या. बोटातल्या अंगठीला खालून दोरा गुंडाळला होता. मांडी हातात धरली तर कातडीच्या आत भरीव असं थोडंच लागत होतं. खचली होती ती मांडी. सतरा दिवस पडून राहिलेल्या माणसाच्या मनाला तुम्ही चार गोष्टी सांगाल, पण खुर्चीतून उठायला मांडीच लागते.

आपण याला सरसकट "अशक्तपणा" म्हणतो, एक टॉनिकची बाटली आणतो आणि वाट बघत बसतो.

स्नायू, मसल वगैरे पैलवानांचं काम ना? आमच्या आबांना काय करायचंय?

पुरुषाच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग स्नायूंचा असतो, बाईच्या वजनाचा तिसरा हिस्सा. श्वास घेणारा पडदा स्नायूच, ठसका बसल्यावर कफ बाहेर फेकणारे पोटाचे आणि छातीचे स्नायूच, घास गिळायलाही स्नायूच. आबांना तालमीत उतरायचं नाही हे कबूल, पण रात्री उठून संडासपर्यंत जायचंय आणि कफ स्वतः काढायचाय.

पण आजारपणात स्नायू जातात कुठे?

शरीर ते मोडून खातं. चरबी पोटावर साठवता येते, साखर थोडीफार यकृतात, पण प्रोटीन नुसतं साठवून ठेवायला शरीरात वेगळी कणगी नाही. जी आहे ती स्नायूंची. जंतूंशी लढणाऱ्या पेशी वाढवायच्या असोत, जखम भरायची असो, की पेशंट जेवत नाही म्हणून रक्तातली साखर टिकवायची असो, कच्चा माल स्नायूंतून उचलला जातो. त्यात ताप आणि सूज असली की मोडतोड वाढते आणि नवी बांधणी मंदावते. वर माणूस पडून, म्हणजे स्नायूंना काम नाही. तिन्ही बाजूंनी खर्च आणि जमा काही नाही.

म्हणूनच आजार यायच्या आधी ज्याची शिल्लक जास्त, तो लवकर सावरतो.

दहा-पंधरा दिवसांत असं कितीसं कमी होणार?

घरच्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या धडधाकट लोकांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवण वेळेवर. तरी त्यांच्या पायांतला जवळपास १ किलो स्नायूभार गेला. लंडनमध्ये आयसीयूतल्या रुग्णांची सोनोग्राफी केली, ते निष्कर्ष २०१३ मध्ये आले: मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १० दिवसांत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटलं होतं.

आणि पायांचे स्नायू आधी जातात, हे लक्षात ठेवा. हात बरे दिसतात, माणूस कप उचलतो, पेपर धरतो, म्हणून घरच्यांना वाटतं ठीक आहे. पहिल्यांदा उभं केल्यावर कळतं.

वजन तर फारसं उतरलेलं नाही. मग स्नायू कसे कमी झाले म्हणता?

काटा वजन सांगतो, कशाचं ते सांगत नाही. सूज, पाणी, चरबी, सगळं एकाच आकड्यात.

यावर पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. शर्टातून दोघंही सडपातळच. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: आपली बाळं वजनाने लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. आपल्याकडचा "बारीक पण चरबीवाला" माणूस जन्मापासूनच स्नायूंची शिल्लक कमी घेऊन निघतो. अशा माणसाला पंधरा दिवसांचं आजारपण महागात पडतं.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

तीन गोष्टी बघा. मशीन लागत नाही.

पहिली, साधी पाठीची खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर लक्ष द्यायला हवं. हात न टेकता उठताच येत नसेल तर घड्याळ लावायची गरजच नाही.

दुसरी, शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेली खूण अशी: पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, बायकांमध्ये ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता. पायावर सूज असेल तर हा आकडा खोटा येतो.

तिसरी गोष्ट टेपने मोजता येत नाही. बरणीचं झाकण उघडत नाही, कुकरचं हँडल दाबायला दोन हात लागतात, ब्लाऊजच्या बाह्या ढिल्या झाल्या, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला. घरातल्या बायकांना हे डॉक्टरांच्या आधी दिसतं, फक्त त्या ते वयावर ढकलतात.

वय झालं की हे होणारच ना?

थोडं होणारच. चाळिशीनंतर हळूहळू, साठीनंतर वेगाने स्नायू घटतात, आणि ताकद त्याहून जास्त वेगाने घटते. पण म्हातारपणातली ही झीज ठरावीक हद्दीपलीकडे गेली की तो आजार मानतात. त्याला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीक शब्दांवरून हे नाव सुचवलं, अर्थ सरळ "मांस कमी होणं". २०१६ मध्ये त्याला आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या अमेरिकी आवृत्तीत स्वतंत्र क्रमांक मिळाला.

आम्ही तर भरपूर खायला घालतो. पेज, साबुदाण्याची खीर, शहाळं, मोसंबीचा रस, सगळं देतो.

प्रेमाबद्दल शंका नाही. पण या यादीत स्नायू बांधायला लागणारं जवळजवळ काहीच नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. शहाळ्यात पाणी आणि क्षार, रसात साखर. पेज तापात पोटाला सोसते म्हणून दोन-तीन दिवस उत्तम. महिनाभर तीच चालू राहिली की मात्र घोटाळा होतो. "पथ्य" कधी थांबवायचं हे कुणी सांगतच नाही, त्यामुळे ते चालूच राहतं.

मग किती प्रोटीन हवं, आणि आपल्या जेवणात ते बसतं का?

निरोगी प्रौढाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम. वय झालेल्यांना १ ते १.२ ग्रॅम घ्यावं असं तज्ज्ञ म्हणतात, आणि आजारातून उठताना १.२ ते १.५ पर्यंत.

आता त्या आजींचाच हिशोब करू. वजन ५५ किलो, म्हणजे निदान ६५ ग्रॅम हवेत. त्यांच्या सुनेबरोबर ओट्यापाशी उभं राहून मी आदल्या दिवसाचं खाणं लिहून काढलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, २ ग्रॅम. पोहे, वर थोडे दाणे, ५. दुपारी दोन पोळ्या, पातळ वरण, दुधीची भाजी, दोन घास भात, मिळून १४. चारचा चहा, २. रात्री गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, ५. झोपताना अर्धा कप दूध, ४. बेरीज ३२. सून म्हणाली, "अहो, पण ताट तर रिकामं होतं रोज!" होतं, पण निम्म्याच प्रोटीनचं.

बदल काय केले तर सकाळी दोन उकडलेली अंडी (१२), एक मोठा ग्लास दूध (८), वरण घट्ट आणि वाटीभर, नुसतं भातावर ओतायला नाही (४ वाढले), आणि भिजवलेले दाणे मूठभर, नाहीतर दाण्याचं कूट (७). साठीच्या पुढे गेलो. कुठलीही खास वस्तू आणावी लागली नाही.

अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, त्यात १५ ग्रॅम. पनीर ५० ग्रॅम म्हणजे ९. मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ यांच्या उसळी आहेतच, आणि कुळथाची पिठी तर आजाऱ्यालाही गिळायला सोपी. डाळ एकटी किंवा भाकरी एकटी अपुरी, दोन्ही एकत्र आल्या की एकीतली उणीव दुसरी भरून काढते. कोकणात-गोव्यात तर मासळी दारात येते, आजाऱ्याला "वातड, जड" म्हणून ती का बंद करतात मला कळत नाही. मऊ शिजवलेला मासा पिठूळ पोळीपेक्षा सोपा जातो.

आणखी एक: सगळं रात्रीच्या जेवणात कोंबू नका. म्हाताऱ्या शरीराला एका वेळी बऱ्यापैकी डोस मिळाल्याशिवाय ते स्नायू बांधायला घेत नाही. तिन्ही खाण्यांत २० ते ३० ग्रॅम वाटून आले तर चांगलं. आपला नाश्ता याबाबतीत सर्वांत गरीब, त्यामुळे सुरुवात तिथून करावी.

ताकदीची एक सलाईन लावून घेऊ का?

नको. ५०० मिलिलिटर ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण १०० कॅलरी, एका पोळीएवढ्या. साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. प्रोटीन दोन्हीत शून्य. शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तोंडाने काही जात नसेल तर सलाईन जीव वाचवते, पण ताकदीसाठी तिचा काही उपयोग नाही. ती लावल्यावर तरतरी वाटते हे खरं, पण दोन तास पडून राहायला लागतं तो वेळ मी खुर्चीच्या उठबशीसाठी मागेन.

प्रोटीनचा डबा?

खाणं जात नसेल तर सोय म्हणून घ्या. मागचा तक्ता वाचा: एका मापात प्रोटीन किती, साखर किती. "शक्तिवर्धक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांत साखरच पुढे असते.

वडिलांना किडनीचा त्रास आहे. त्यांना हे सगळं चालेल?

स्वतःच्या मनाने नाही. किडनी कमजोर आहे पण डायलिसिस सुरू नाही, अशांना डॉक्टर प्रोटीनवर मर्यादा घालतात. डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त लागतं, आणि इथे घराघरांत गोंधळ होतो, जुनंच पथ्य पुढे चालू राहतं. आहारतज्ज्ञांकडून आकडा लिहून घ्या. जाता जाता: किडनीच्या तपासणीत रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. अगदी हडकुळ्या माणसाचं क्रिएटिनिन "नॉर्मल" आलं तरी किडनी नॉर्मल असेलच असं नाही.

नुसतं चांगलं खाल्लं तर स्नायू भरून येतील?

नाही. विटा-सिमेंट अंगणात येऊन पडलं, गवंडी आलाच नाही, असं होतं. स्नायूवर जोर पडला की तो आलेलं प्रोटीन उचलतो. उलटंही तितकंच खरं, उपाशीपोटी व्यायाम करून घेण्यात अर्थ नाही.

ते रोज गच्चीवर अर्धा तास चालतात. पुरे ना?

हृदयाला, साखरेला, झोपेला चांगलं. मांडीची गेलेली ताकद परत आणायला अपुरं. सपाट जमिनीवर चालताना मांडीवर फारसा भार येतच नाही. जड जाईल असं काहीतरी हवं.

मग काय करून घ्यायचं? आजी ७४ च्या आहेत, हो.

डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली की त्याच दिवशी सुरुवात. कॉटवर पडल्या पडल्या घोटे वरखाली, गुडघा ताठ करून मांडी आवळून पाच आकडे धरणं, पाय दुमडून कंबर उचलणं. मग मुख्य व्यायाम: खुर्चीतून उठणं.

खुर्ची खाली वाटत असेल तर तिच्यावर उशी आणि घडी केलेली सतरंजी ठेवा. उंच खुर्चीतून उठणं सोपं. हात न टेकता आठ वेळा जमायला लागलं की सतरंजी काढा, मग उशी. जिममधला माणूस वजनं वाढवतो, आपण बैठक खाली आणतो, हिशोब तोच. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. न जाणवता झाल्या तर तो व्यायाम नव्हता. सोबत ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि पाण्याची बाटली धरून हात दुमडणं. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधे एक दिवस सुट्टी. श्वास कोंडायचा नाही, त्यासाठी मोठ्याने आकडे मोजायला लावा. जी पिढी जोर-बैठका ऐकत वाढली तिला "बैठका मारायच्यात" म्हटलं की फिजिओथेरपीपेक्षा लवकर कळतं.

छातीत दुखलं, चक्कर आली, बोलताना वाक्य तुटेल इतका दम लागला, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

नव्वदीतल्या माणसाला उपयोग होतो का?

बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० च्या सुमारास नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून मांडीचे वजनाचे व्यायाम करून घेतले. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांची ताकद ८ आठवड्यांत सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीनपट. पुढचा प्रश्न.

मधुमेहाशी याचा काय संबंध?

जेवणानंतर इन्सुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते आटले की साखर रक्तातच फिरते. आजारपणानंतर शुगर वाढून बसली, गोळ्या वाढवाव्या लागल्या, अशी तक्रार येते त्यात औषधांइतकाच (स्टिरॉइड दिले असतील तर ते साखरही वाढवतात आणि स्नायूही झिजवतात) या झिजलेल्या स्नायूंचाही हात असतो.

टीबीमध्ये इतकं वजन का उतरतं?

त्या आजाराचं आपलं नावच क्षय, म्हणजे झीज. जंतूंविरुद्धची लढाई महिनोन्महिने चालते आणि तिचा खर्च स्नायूंतून भागतो. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शिधा देऊन मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू स्पष्टपणे कमी दिसले, आणि शिधा मिळालेल्या घरांत इतरांना टीबी होण्याचं प्रमाणही घटलं. सरकारच्या नि-क्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० येतात. ते पैसे डाळ, अंडी, शेंगदाण्यावर जावेत, टॉनिकवर नाही.

ऑपरेशन दोन महिन्यांनी आहे. आत्तापासून काही करू?

करा, आणि इतक्या लवकर विचारणारे तुम्ही दुर्मिळ. वर सांगितलेलंच सगळं, फक्त आधी. गुडघा बदलायच्या आधी मांडी कमावली तर नंतरचा पहिला आठवडा सोपा जातो.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेतल्याने स्नायूही जातात म्हणे?

कुठल्याही मार्गाने वजन झपाट्याने उतरलं की त्यातला काही भाग स्नायूंचा असतो, इंजेक्शनांतही. भूक मेल्यामुळे प्रोटीनही कमी पडतं. डॉक्टरांनी दिली असतील तर घ्या, पण उठबशी आणि अंडी-उसळ सोडू नका.

बायकांनी वजनं उचलली तर अंग पुरुषासारखं होईल?

नाही. त्याला लागणारं हार्मोन बायकांत फार थोडं असतं. आणि पन्नास वर्षं पाण्याच्या कळश्या उचललेल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

किती दिवसांत फरक दिसेल?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताकद वाढते, पण मांडीचा घेर तसाच असतो, कारण आधी मेंदू आणि नसा असलेल्या स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात. घेर भरायला महिने लागतात. दहा दिवसांत गेलेलं दहा दिवसांत येत नाही, आणि बऱ्याच घरांत तिसऱ्या आठवड्यात कंटाळून व्यायाम सुटतो.

उठताना त्यांची धडपड बघवत नाही. हात द्यायचा नाही का?

जवळ उभं राहा, पण दंडाला धरून ओढू नका. त्याने खांदा दुखावतो आणि मांडीचं काम तुम्हीच करून टाकता. आधी त्यांना खुर्चीच्या कडेला सरकू द्या. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत, आणि आकडे त्यांनीच मोजायचे. तुमचा हात कंबरेमागे तयार असू द्या, टेकवायचा नाही. तरीही जमत नसेल तर एक उशी वाढवा.

त्या पाटल्यावाल्या आजींकडे मी पाचव्या आठवड्यात गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं. पाटल्या अजून घसरतच होत्या. मला म्हणाल्या, "बस गं जरा. उशी काढलीय आज, मोज."